वाचक विचारतात : आठवणीची चाचणी घेताना

स्मरण, लक्ष, साक्ष अशा विषयांवर काम करणारे विद्यार्थी आणि अशा चाचण्यांना बसलेली मंडळी, दोन्हींकडून या वेळी पत्रं आली. त्यांतली सात घेतली आहेत. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी खोट्या आठवणींचा प्रयोग घेणार आहे. एकमेकांशी नातं असलेल्या शब्दांची यादी वाचायची आणि यादीत नसलेला शब्द किती जणांना 'आठवतो' ते मोजायचं. आधीच खरं सांगितलं तर प्रयोग बसलाच. नाही सांगितलं तर संमतीपत्रावरच्या सहीला अर्थ काय? (विद्यार्थिनी, विद्यानगर, कोल्हापूर)

उत्तर : न सांगणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. तुमच्या प्रयोगाला पहिल्यावर भागतं. 'ही शब्द लक्षात ठेवण्याची चाचणी आहे' हे खरंच आहे. 'ही बुद्धिमत्तेची चाचणी आहे' म्हणालात तर ते खोटं, शिवाय विनाकारण.

संमतीपत्रात साध्या मराठीत एवढं हवं : एकूण वेळ ४० मिनिटं, १५ शब्दांच्या ८ याद्या ऐकायच्या, प्रत्येकीनंतर २ मिनिटांत आठवतील ते शब्द लिहायचे, आवाज रेकॉर्ड होणार की नाही, कागदावर नावाऐवजी क्रमांक, कारण न देता मधेच उठून जायची मोकळीक. त्याखाली हे वाक्य घाला : 'अभ्यासाच्या हेतूचा एक भाग आत्ता सांगितला तर तुमची उत्तरं बदलतील, म्हणून तो शेवटी सांगू. तो ऐकल्यावर तुम्ही आपला कागद परत घेऊ शकता.' सहीला अर्थ येतो तो या वाक्यामुळे. माणसाला माहीत असतं की काहीतरी झाकलेलं आहे, आणि शेवटचा शब्द आपला आहे. धोका मात्र कधीच झाकायचा नाही. जी गोष्ट कळली असती तर माणूस 'नको' म्हणाला असता, ती लपवून घेतलेली सही कागदावरची शाई आहे, एवढंच.

यादी इंग्रजीवरून भाषांतरित करू नका. 'झोप' हा गाळलेला शब्द धरला तर गादी, उशी, पलंग, अंथरूण, पांघरूण, वाकळ, जांभई, घोरणं, स्वप्न, रात्र, डुलकी, अंगाई, डोळे, थकवा, गजर अशी यादी होईल. 'झोपाळा' घातलात तर पंचाईत होईल, कारण त्यात 'झोप' कानावर पडतेच. मग जे मोजाल ती खोटी आठवण नव्हे. 'वाकळ' (म्हणजे गोधडी) कोल्हापुरात चालेल, मुंबईहून आलेल्या मुलीला ते कोडं वाटेल. आधी प्रयोगात नसलेल्या २०-२५ जणांना 'झोप म्हटल्यावर काय सुचतं' ते लिहायला लावा आणि त्यातून शब्द निवडा. मरण, आजार, दवाखाना हे विषय टाळा. समोरच्या मुलाच्या घरी गेल्या आठवड्यात काय घडलं ते तुम्हाला ठाऊक नसतं आणि तुमच्या प्रश्नाला त्या विषयांची गरजही नाही. शब्द दर दीड सेकंदाला एक, सपाट आवाजात वाचा.

शेवटचा खुलासा हाच या प्रयोगाचा सगळ्यात नाजूक भाग, आणि नेमका तिथेच पाट्या टाकल्या जातात. दहा मिनिटं राखून ठेवा. आधी विचारा, 'हे कशासाठी असेल असं वाटलं?' मग हेतू सांगा, यादी दाखवा, आणि हेही सांगा की १९९५ साली रोडिगर आणि मॅकडरमॉट या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगात १५ शब्दांच्या याद्यांनंतर ५५ टक्के वेळा न वाचलेला शब्द लोकांनी लिहिला होता. डोकं शब्दांबरोबर त्यांचा अर्थही साठवतं, म्हणून हे होतं. त्यात कमीपणा नाही. त्यानंतर 'कागद ठेवू का?' असं पुन्हा विचारा. अमुक तारखेपर्यंत मैत्रिणींना सांगू नका अशी विनंतीही करा, कारण होस्टेलच्या मेसमध्ये एकीला कळलं की रात्रीपर्यंत सगळ्या मजल्याला कळतं. खुलासा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मोकळं होऊ नका.

लहानपणच्या खोट्या घटना रुजवण्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. १९९५ मध्येच लॉफ्टस आणि पिकरेल यांनी २४ जणांना घरच्यांकडून मिळवलेल्या तीन खऱ्या गोष्टींबरोबर 'तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास' ही खोटी गोष्ट दिली. साधारण चौथा हिस्सा लोकांना ती थोडीफार किंवा पूर्ण 'आठवली'. शेवटी एक गोष्ट खोटी आहे असं सांगून ओळखायला लावलं, तेव्हाही ५ जणांनी चुकीच्या गोष्टीवर बोट ठेवलं. म्हणजे पेरलेलं उपटायला एका वाक्याचा खुलासा पुरत नाही. एम.ए.च्या प्रबंधाच्या वेळात आणि बळात ते बसणारं काम नव्हे.

प्रश्न : प्रयोगाला मुलं येत नाहीत म्हणून अंतर्गत परीक्षेचे ५ गुण द्यायचे ठरवलंय. चालेल का? (प्राध्यापक, गडहिंग्लज)

उत्तर : तेवढेच गुण तेवढ्याच वेळात मिळवायचा दुसरा मार्ग ठेवलात तर चालेल. ४० मिनिटांच्या प्रयोगाऐवजी ४० मिनिटांत होणारं एक टिपण, दहा पानी निबंध नव्हे. मधेच उठून गेलेल्यालाही गुण द्यायचे. कोण बसलं आणि कोण नाही ती यादी तुमच्या हाती न येता दुसऱ्याच कुणाकडे राहिली पाहिजे. हे जमणार नसेल तर गुण देऊ नका. चहा आणि येण्याजाण्याचं भाडं द्या.

प्रश्न : २०१९ च्या महापुराच्या आठवणी किती भरवशाच्या राहिल्या आहेत यावर शिरोळ आणि करवीर तालुक्यांत मुलाखती घ्यायच्या आहेत. काय काळजी घ्यावी? (संशोधक विद्यार्थी, कुरुंदवाड)

उत्तर : विषय उत्तम आहे. एरवी आठवणीवर काम करणाऱ्याची अडचण ही की माणूस सांगतो ते खरं का, हे ताडून बघायला काहीच नसतं. तुमच्याकडे नदीची मोजणी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि दर दिवसाचे आकडे नोंदलेले. 'पाणी कुठल्या दिवशी दारात आलं' या उत्तराशेजारी तो आकडा ठेवता येतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, त्यामुळे दोन पुरांच्या आठवणी एकमेकींत मिसळलेल्या सापडतील. 'म्हसरं माळावर नेली ती एकोणीसला का एकवीसला?' इथे घरातल्या घरात वाद होतील. घटना खरी, पण चुकीच्या वर्षाला चिकटलेली, अशी ही सरमिसळ असते. ती खोटेपणा समजून लिहू नका.

पण उंबऱ्यावर पाय ठेवताच पहिलं वाक्य हे : 'मी सरकारकडून आलेलो नाही, पंचनामा करत नाही, माझ्या कागदामुळे मदत मिळणार नाही आणि थांबणारही नाही.' हे नीट सांगितलं नाही तर दोन गोष्टी होतात. लोक तुम्हाला तलाठ्याचा माणूस समजून जपून बोलतात, म्हणजे तुमची माहिती बिघडते; आणि मदतीच्या आशेने नको असतानाही बोलतात, म्हणजे संमतीही बिघडते. वहीत काय लिहिताय ते त्यांना दिसेल अशा जागी बसा. सही घ्यायच्या आधी कागद मोठ्याने वाचून दाखवा. ज्यांना सही करायची भीती वाटते (पंचनाम्यांच्या अनुभवानंतर वाटणारच) त्यांची तोंडी संमती साक्षीदारासमोर रेकॉर्ड करता येते, मात्र ही पद्धत आधी एथिक्स कमिटीकडून (संशोधन नीतीला धरून आहे ना ते तपासणारी समिती) मंजूर करून घ्यावी लागते.

आता प्रश्नांची भाषा. लॉफ्टस आणि पामर यांनी १९७४ मध्ये मोटारींच्या धडकेची फिल्म दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात 'आदळल्या' अशा अर्थाचं जोरकस क्रियापद होतं तिथे सरासरी ताशी ४०.८ मैल आली, 'टेकल्या' अशा अर्थाचं सौम्य क्रियापद होतं तिथे ३१.८. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर 'फुटलेली काच दिसली का' असं विचारलं. काच फिल्ममध्ये नव्हतीच, तरी जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांनी 'हो' म्हटलं, साध्या क्रियापदाच्या गटात ५० पैकी ७ जणांनी. मराठीत तर क्रियापदांची रेलचेल आहे. पाणी आलं, शिरलं, चढलं, घुसलं, लोटलं. 'पाणी घुसलं तेव्हा तुम्ही कुठे होता?' असं विचारलंत की पाण्याचा वेग तुम्हीच ठरवून टाकला. म्हणून पहिला प्रश्न एवढाच ठेवा : 'त्या दिवसात काय काय झालं, जसं आठवेल तसं सांगा.' मधे तोडू नका. माणूस थांबला की दहा सेकंद गप्प बसा, बहुतेक वेळा पुढचं आपसूक येतं. मग त्यांच्याच तोंडचा शब्द उचलून पुढचा प्रश्न. तारीख, फूट, वेळ हे अगदी शेवटी. नवरा-बायकोला एकत्र बसवू नका. एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि मग दोघांचं जुळतंय म्हणून तुम्ही ते खरं धरता.

आकड्याशी उत्तर जुळलं नाही तर समोरच्याला 'चुकलात' असं सांगायचं नाही. त्या आठवणीवर घर पुन्हा उभं राहिलेलं असतं, भाऊबंदकीतले हिशोब झालेले असतात. तुमचं काम मोजायचं आहे, निवाडा करायचा नाही. सगळ्यांचा एकत्रित निष्कर्ष मात्र गावात परत जाऊन सांगा, तो त्यांचा हक्क आहे.

रडू आलं तर? रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, 'थांबू या का?' असं विचारा आणि उत्तराची वाट बघा. लगेच 'पुढचा प्रश्न' नको. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक छापलेली चिठ्ठी प्रत्येकाला द्या, रडलेल्याला वेगळं काढून नको. मुलाखती जुलै-ऑगस्टमध्ये ठेवू नका. नदी चढत असताना हा विषय काढणं बरं नव्हे, आणि भीतीपोटी उत्तरंही बदलतात.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. 'प्रयाग चिखलीतला होडी चालवणारा ६० वर्षांचा गृहस्थ' एवढं लिहिलं की पंचक्रोशीला माणूस कळतो. गावाऐवजी 'नदीकाठचं गाव', वयाऐवजी '५५ ते ६५', आणि होडीचा उल्लेख गरजेचा नसेल तर काढा.

प्रश्न : मुलांच्या स्मरणशक्तीची चाचणी शाळेत घेतली. आम्हाला नंतर कळलं. परवानगी मुख्याध्यापकांची होती म्हणे. निकाल वर्गात वाचून दाखवले, तेव्हापासून मुलगी शाळेत जायला कुरकुर करते. (पालक, कळंबा)

उत्तर : शाळेची परवानगी ही शाळेच्या आवारात येण्याची परवानगी. मुलावर संशोधन करायला आई-वडिलांची संमती वेगळी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याशिवाय मुलाचा होकारही हवा : ७ ते ११ वर्षांच्या मुलांचा तोंडी, १२ ते १८ च्या मुलांचा लेखी. पालकांनी सही केली आणि पोरगी 'नको' म्हणाली, तर 'नको'च. पालकसभेत रजिस्टर फिरवून घेतलेल्या सह्या संमती म्हणून चालत नाहीत. त्यात कुणी काय वाचलं याचा पत्ता नसतो.

निकाल वर्गात वाचणं तर सरळ चूक. संशोधनातले गुण एकेका मुलाबद्दल काही ठरवायला बनवलेले नसतात, ते गटाच्या सरासरीसाठी असतात. मुलाचं पोट दुखत होतं, शेजारच्या वर्गात पाढे चालले होते, एवढ्यानेही आकडा खाली येतो. संशोधकाला लेखी पत्र द्या : मुलीची माहिती अभ्यासातून काढावी आणि काढल्याचं कळवावं. शाळेला दिलेली प्रत परत मागवायला सांगा. ज्या समितीने अभ्यास मंजूर केला तिचं नाव विचारा, तक्रार तिच्याकडे जाते. समितीच नव्हती असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. मुलीला सांगा की ती परीक्षा नव्हती.

हे पत्र संशोधकही वाचतील म्हणून दोन गोष्टी. मुलाला तोच प्रश्न दोनदा विचारला की मूल उत्तर बदलतं, कारण वर्गात बाई पुन्हा विचारतात तेव्हा पहिलं उत्तर चुकलेलं असतं. म्हणून सुरुवातीलाच सांगा, 'मला उत्तर माहीत नाही. तुला आठवत नसेल तर आठवत नाही म्हण.' दुसरी गोष्ट, 'तू सांगशील ते मी कुण्णाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. आठवणींच्या गप्पांत मूल लैंगिक अत्याचाराचं काही बोललं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. गुप्ततेची ही मर्यादा संमतीपत्रात आधीच लिहायची असते. अशा वेळी खोदून विचारत बसू नका. तुमच्या सूचक प्रश्नांनी त्या मुलाची पुढची साक्ष कमकुवत होऊ शकते.

प्रश्न : आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात विद्यार्थ्यांनी स्मृतीची चाचणी घेतली. मला कमी गुण पडले. 'डॉक्टरांना दाखवा' एवढंच म्हणून गेले. झोप उडाली आहे. (शाहूपुरी)

उत्तर : आजोबा, आधी हिशोब बघा. समजा २०० जणांची चाचणी घेतली आणि त्यांत खरोखर १० जणांना विस्मृतीचा आजार आहे. चाचणी दहातल्या ८ जणांना पकडते आणि निरोगी माणसांतल्या दर पाचातल्या एकाला चुकून पकडते, असं धरू. निरोगी १९० आहेत, त्यांतले ३८ चुकून पकडले गेले. एकूण 'कमी गुण' वाले ४६, आणि त्यांत आजारी फक्त ८. चाळणी चाचणीचं काम एवढंच असतं, कुणाला नीट तपासायचं ते सुचवणं.

गुण पडायला दुसरी कारणंही भरपूर. ऐकू कमी येतं, चष्मा घरी राहिला, रात्रीची गोळी उतरली नव्हती. शाळा चौथीत सुटलेला माणूस १०० मधून सात-सात वजा करताना अडखळतो, पण भाजी मंडईतला दिवसाचा हिशोब तोंडी करतो. 'आज तारीख काय?' याला 'आज अष्टमी' हे उत्तर कित्येक घरांत बरोबर आहे, पण छापील फॉर्मवर शून्य. म्हणूनच हरियाणातल्या बल्लभगडच्या ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी नव्याने बांधावी लागली होती. परदेशी फॉर्मचं घाईत केलेलं भाषांतर आणि तिथलीच गुणांची रेघ वापरली, तर ती मोजते शिक्षण. नाव मात्र स्मृतीचं.

तरी घरच्यांना गेल्या वर्षभरात फरक जाणवत असेल (औषधं दोनदा घेणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं, व्यवहारात चुका) तर डॉक्टरांकडे जाच, गुण कितीही असोत. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांनीही विसरायला होतं आणि त्यांवर उपचार आहेत.

विद्यार्थ्यांचं चुकलं ते इथे : कमी गुण दिसले तर काय करणार, हे त्यांनी चाचणीआधी ठरवून संमतीपत्रात लिहायला हवं होतं. 'वैयक्तिक गुण कळवले जाणार नाहीत' असं तरी, किंवा 'कळवू, अमुक तज्ज्ञ समजावून सांगतील आणि अमुक ठिकाणी पुढची तपासणी होईल' असं तरी. अर्धवट वाक्य टाकून निघून जाणं सगळ्यात वाईट. आणि पुन्हा तोच फॉर्म घेऊन ते आले, गुण वाढले, तर लगेच हुरळून जाऊ नका. दुसऱ्यांदा सरावानेच गुण वाढतात.

प्रश्न : हुपरीत चांदीचा कारखाना आहे. माल कमी येतोय. ओळखीचा एक मुलगा मानसशास्त्र शिकतो. तो 'संशोधन' म्हणून कामगारांची स्मृती चाचणी घेऊन खोटं कोण बोलतंय ते काढू शकेल का? (हुपरी)

उत्तर : नाही, आणि त्या मुलाने यात पडूही नये. संशोधनाच्या नावाखाली चोर शोधणं म्हणजे संमतीच खोट्यावर घेणं. मालकाने सांगितल्यावर कामगाराचा होकार मोकळा राहत नाही. 'नाही' म्हणणाराच संशयित ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० ला सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात नार्को (गुंगीचं औषध देऊन विचारणं), पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी तपासणं) कुणावरही सक्तीने करता येणार नाही असं म्हटलं. जिथे पोलिसांनाही सक्ती करता येत नाही, तिथे कारखानदाराने आडवाटेने करायचं नाही.

शिवाय अशी चाचणी उपयोगाचीही नाही. पॉलिग्राफ घाम, श्वास आणि रक्तदाब मोजतो. खोटं मोजणारं यंत्र ते नव्हे. निर्दोष पण घाबरट माणूस त्यात सापडतो. ठामपणे बोलणारा खरं आठवतो असंही नाही. प्रत्येक टप्प्यावर चांदी देताना आणि घेताना वजन, वितळवताना होणारी घट आणि दोघांच्या सह्या एका वहीत ठेवा. माल कुठल्या टप्प्यावर कमी येतो ते महिन्याभरात वहीच सांगेल.

प्रश्न : ३६ जणांपैकी ६ जणांची उत्तरं अपेक्षेच्या अगदी उलट आली. मार्गदर्शक म्हणतात, ते कागद काढून टाक. महाविद्यालयात एथिक्स कमिटी नाही, विचारू कुणाला? (नाव-गाव नको)

उत्तर : उलट आले म्हणून काढता येत नाहीत. काढायची कारणं प्रयोगाआधी लिहून ठेवायची असतात : मधे फोन वाजला, यादी आधीच ऐकलेली होती, मराठी नीट समजत नव्हती, सूचना पाळल्या नाहीत. त्या यादीत बसणारा कागद काढा, मग तो तुमच्या बाजूचा असला तरी. मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास २०१५ मध्ये पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम ठळक होता, पुन्हा केल्यावर फक्त ३६ टक्क्यांत. त्यामागे एक कारण हेच, न जुळणारं हळूच बाजूला सारण्याची सवय. त्या सहा जणांनीही आपला वेळ तुम्हाला दिला होता, आणि तो मोजला जाईल या भरवशावर दिला होता.

मार्गदर्शकांशी भांडायची गरज नाही. दोन्ही गणितं करा, ३६ चं आणि ३० चं, आणि दोन्ही प्रबंधात छापा. बहुतेक वेळा या तोडग्याला कुणी हरकत घेत नाही.

समितीबद्दल : २०१७ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, कायदा जाणणारा एक आणि एक साधा नागरिकही असतो. स्वतःची समिती नसलेली संस्था लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे अर्ज पाठवू शकते. जवळच्या विद्यापीठात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. अर्ज माहिती गोळा करण्याआधी करायचा असतो; झालेल्या प्रयोगाला मागाहून मंजुरी मिळत नाही. तुमच्या बाबतीत ती वेळ गेली आहे, म्हणून प्रबंधात 'समितीची मंजुरी घेतलेली नाही' असं सरळ लिहा, आणि ते सहा कागद कारणाची नोंद करून क्रमांकासह त्याच फाइलीत ठेवा.